चित्र कुठे काढायचं?

'कॅन्ट ओपन डिस्प्ले.' लिनक्स क्लस्टरवर पहिल्यांदा विंडोवाला प्रोग्राम चालवू पाहणाऱ्या बहुतेकांना सर्वांत आधी हेच वाक्य दिसतं. विद्यार्थी गोंधळतो, कारण तोवर सगळं सुरळीत झालेलं असतं. लॉगिन झालेलं असतं, फाइली दिसत असतात, तीन दिवस चाललेलं गणित संपून चारशे जीबीचा निकाल डिस्कवर पडलेला असतो. आता तो फक्त डोळ्यांनी पाहायचा आहे, आणि यंत्र म्हणतं की पडदा सापडत नाही. यंत्राचं म्हणणं बरोबरच असतं. थंड खोलीत कपाटांमधून एकावर एक रचलेल्या त्या शेकडो नोडना मॉनिटर नसतो, कीबोर्ड नसतो, माउस नसतो. पडदा आहे तो विद्यार्थ्याच्या टेबलावर, कदाचित दोनशे किलोमीटर दूर.

हा प्रश्न मूठभर लोकांचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. आपल्याकडे २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून वाराणसीच्या आयआयटीत 'परम शिवाय', पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' अशी यंत्रं उभी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे 'परम रुद्र' आले. रसायनशास्त्र, हवामान, खगोल, जीवशास्त्र, स्थापत्य अशा सगळ्या शाखांची मुलं आता ही यंत्रं वापरतात. त्यांतली बहुतेक टर्मिनलवर वाढलेली नाहीत. त्यांना मॅटलॅबची विंडो हवी असते, रेणू हाताने फिरवून पाहायचा असतो, पुलाच्या गर्डरवरचा ताण रंगांत बघायचा असतो. ती मागणी रास्त आहे. तिची उत्तरं गेल्या चाळीस वर्षांत अनेक आली. वरवर ती एकमेकांपासून फार वेगळी दिसतात, पण माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच निवड आहे. चित्र कुठे काढायचं, दूरच्या यंत्रावर की आपल्या टेबलावर? ही निवड लक्षात आली की पुढचे निम्मे घोळ आपोआप सुटतात.

सुरुवात एमआयटीपासून करावी लागते. १९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने तिथे 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. वेगवेगळ्या बनावटीची यंत्रं विद्यार्थ्यांना सारख्याच पद्धतीने वापरता यावीत, हा त्याचा एक हेतू होता. १९८४ मध्ये बॉब शाइफलर यांनी स्टॅनफर्डमधल्या 'डब्ल्यू' नावाच्या विंडो प्रणालीवरून नवी प्रणाली बेतली आणि इंग्रजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर तिला दिलं, 'एक्स'. जिम गेटिस त्यांच्यासोबत होते. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. आजही लिनक्सवर आपण जिला 'एक्स-इलेव्हन' म्हणतो ती हीच.

एक्सची मूळ कल्पना फोनवरून रांगोळी सांगावी तशी आहे. दूरचं यंत्र सांगतं, इथे रेघ ओढ, इथे चौकोन काढ, त्यात हा रंग भर. प्रत्यक्ष रांगोळी काढतो तो आपल्या टेबलावरचा संगणक. म्हणूनच एक्सच्या भाषेत 'सर्व्हर' हा शब्द उलटा वाटतो. एरवी सर्व्हर म्हणजे दूरचं मोठं यंत्र. इथे मात्र पडदा, कीबोर्ड आणि माउस यांची सेवा पुरवणारा आपला छोटा लॅपटॉप हाच सर्व्हर, आणि क्लस्टरवर चालणारा मॅटलॅब हा त्याचा ग्राहक. हे समजलं नाही की काहीच समजत नाही. विंडोजचा लॅपटॉप असलेल्या मुलीला 'व्हीसीएक्ससर्व्ह' किंवा 'मोबाएक्सटर्म' का टाकावं लागतं, मॅकवाल्याला 'एक्सक्वार्ट्झ' का लागतं, याचं उत्तर इथेच आहे. रांगोळी काढणारा हात आपल्या घरीच नसेल तर फोनवर सूचना देऊन काय होणार?

त्या काळी हे सगळं एकाच इमारतीच्या किंवा फार तर एकाच विद्यापीठाच्या जाळ्यावर चालायचं, आणि जाळ्यावरचे सगळे आपलेच असं गृहीत धरलेलं असायचं. पडदा उघडत नाही म्हणून वैतागलेला माणूस 'एक्सहोस्ट प्लस' अशी आज्ञा द्यायचा आणि काम व्हायचं. त्या एका आज्ञेने आपला पडदा आणि कीबोर्ड जाळ्यावरच्या कोणालाही खुला होत असे. दुसऱ्या खोलीत बसून कोणी आपला टाइप होत असलेला पासवर्ड वाचू शकत असे. आजही जुन्या टिपणांत ही आज्ञा उपाय म्हणून सापडते. ती वापरू नये.

हे दार बंद केलं एसएसएचने. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपून घेतल्याचं उघड झालं आणि तिथल्या टाटू युलनेन यांनी हा प्रोग्राम लिहिला. त्याच्या कुलूपबंद नळीतून एक्सच्या सूचनाही नेता येऊ लागल्या. लॉगिन करताना '-एक्स' हा पर्याय दिला की क्लस्टरवर 'लोकलहोस्ट:१०.०' असा खोटा पडदा तयार होतो. प्रोग्रामला वाटतं पडदा शेजारीच आहे, आणि एसएसएच त्याचं बोलणं निमूट आपल्या लॅपटॉपवर आणून सोडतो. आजही क्लस्टरच्या माहितीपुस्तिकेत पहिली कृती हीच दिलेली असते.

तिच्यात एक बारीक खोच आहे आणि ती फार लोकांना छळते. '-एक्स' म्हणजे दूरच्या यंत्रावर पूर्ण विश्वास न ठेवता दिलेली परवानगी. मूळ ओपनएसएसएचमध्ये तिची मुदत २० मिनिटांची असते. म्हणजे सकाळी लॉगिन केलं, दोन विंडो उघडल्या, चहा घेऊन आलो, तिसरी विंडो उघडायला गेलो तर नकार. आधीच्या दोन मात्र चालूच. माणूस तासभर क्लस्टरला दोष देत बसतो. '-वाय' दिलं तर ही अडचण जाते, पण मग दूरच्या यंत्रावरच्या प्रोग्रामला आपल्या पडद्यावर आणि कीबोर्डवर पूर्ण मोकळीक मिळते. ज्या यंत्राच्या व्यवस्थापकांवर आपला भरवसा आहे तिथेच ती द्यावी. डेबियनच्या घराण्यातल्या लिनक्सवर मूळ मांडणीच अशी आहे की '-एक्स' आणि '-वाय' यांत प्रत्यक्षात फरक उरत नाही. त्यामुळे मित्राच्या लॅपटॉपवर जे चालतं ते आपल्यावर का चालत नाही, याचा पत्ता लागत नाही.

आता मुख्य दुखणं. संस्थेच्या आवारात एक्सची विंडो चटकन उघडते आणि घरून तीच मिनिटभर लटकते. लोक म्हणतात, नेट स्लो आहे. बहुतेक वेळा ते खरं नसतं. घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन असतं, व्हिडिओ न अडखळता चालतो, तरीही साध्या मेनूला खाली यायला दोन सेकंद लागतात. इथे रुंदीचा प्रश्न नसून फेऱ्यांचा आहे. रेघ ओढ, रंग भर या सूचना एक्समध्ये उत्तराची वाट न पाहता पाठवता येतात. पण बऱ्याच गोष्टी विचाराव्या लागतात. विंडोचा आकार काय, माउस कुठे आहे, अमुक नावाच्या गुणधर्माचा क्रमांक काय. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत प्रोग्राम थांबतो. समजा, सुरू होताना एखाद्या प्रोग्रामने असे पाचशे प्रश्न एकामागून एक विचारले. आवारात एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते, म्हणजे पाव सेकंदात काम झालं. घरून फेरीला ४० मिलिसेकंद लागले तर २० सेकंद. अमेरिकेतून पुण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्याला फेरीमागे २०० मिलिसेकंद लागले तर १०० सेकंद. आणि हे कनेक्शन महागडं घेतलं तरी कमी होत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच. हे अंतर पैशाने तुटत नाही.

त्यात आणखी एक बदल झाला. १९८७ मध्ये प्रोग्राम खरोखरच रेघा आणि चौकोन पाठवायचे. पुढे अक्षरांच्या कडा गुळगुळीत हव्यात, सावल्या हव्यात, पारदर्शक रंग हवेत अशी अपेक्षा वाढली आणि क्यूटी, जीटीके यांसारख्या साधनसंचांनी विंडोचं बरंचसं चित्र स्वतःच काढून तयार ठिपक्यांचे गठ्ठे एक्सकडे द्यायला सुरुवात केली. म्हणजे रांगोळी क्लस्टरवरच निघते आणि तिचे ठिपके न दाबता, न घडी घालता तारेवरून पाठवले जातात. दोन्ही पद्धतींचे तोटे एकत्र झाले. एक्सवर प्रेम करणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण आजच्या प्रोग्रामांसाठी लांब पल्ल्यावर एक्स पुढे पाठवणं ही मोडीत निघालेली पद्धत आहे. एखादा साधा आलेख, एखादा छोटा संपादक, तोही आवारातल्या आवारात, एवढ्यापुरती ती ठेवावी.

ही फेऱ्यांची अडचण सोडवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. इटलीतल्या नोमशीनने २००३ च्या सुमारास 'एनएक्स' आणलं. ते अधेमधे बसून बऱ्याच प्रश्नांची उत्तरं जागच्या जागी देतं आणि बाकीचा मजकूर दाबून पाठवतं. त्याच्या जुन्या खुल्या भागावर 'एक्सटूगो' उभं आहे. 'एक्सप्रा' एकेकटी विंडो घरी आणतं आणि कनेक्शन तुटलं तरी ती जिवंत ठेवतं. ही उपयोगी साधनं आहेत, पण मुख्य प्रवाह दुसरीकडे वळला.

तो वळला केंब्रिजमध्ये. तिथल्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत, जी पुढे एटीअँडटीकडे गेली, 'व्हीएनसी' तयार झालं. त्याची ओळख करून देणारा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना अगदी सोपी आहे. रांगोळी तिकडेच काढा आणि फोटो इकडे पाठवा. दूरच्या यंत्रावर खराखुरा नसलेला, फक्त स्मृतीत असलेला पडदा तयार करायचा. सगळे प्रोग्राम त्यावर चित्र काढतात आणि त्यांचे हजारो प्रश्न तिथल्या तिथे, काही मायक्रोसेकंदांत मिटतात. आपल्याकडे येतात ते फक्त बदललेले ठिपके. प्रोग्रामची घरापर्यंतची वाट बघणं संपलं.

पण मला व्हीएनसीचा मोठा गुण वेग वाटत नाही. पडदा तिकडेच राहतो, हा तो गुण आहे. एक्सच्या पद्धतीत लॅपटॉप झाकला, वायफाय क्षणभर गेलं किंवा वीज गेली की एसएसएचची नळी तुटते आणि विंडो मरतात, कधी त्यांच्यासोबत सहा तासांचं कामही. व्हीएनसीत आपण फक्त दर्शक असतो. दर्शक उठून गेला तरी मंच तसाच राहतो. संध्याकाळी प्रयोगशाळेतून सुरू केलेलं काम रात्री घरून, सकाळी वसतिगृहातून जसंच्या तसं पुढे चालू. जिथे दुपारी दोनदा वीज जाते तिथल्या मुलासाठी ही चैन नाही, गरज आहे.

व्हीएनसी वापरताना काळजीही लागते. त्याचा जुना, सर्वत्र चालणारा पासवर्ड आठ अक्षरांपुरताच असतो. नववं अक्षर दिलं तरी ते विचारात घेतलं जात नाही. मूळ पद्धतीत चित्र आणि कळा उघड्यावरून जातात. म्हणून तो पडदा फक्त यंत्राच्या आतल्या पत्त्यावर बांधायचा आणि एसएसएचच्या नळीतूनच बघायचा, हा नियम. पहिल्या पडद्याचा दरवाजा ५९०१, दुसऱ्याचा ५९०२ असे क्रमांक असतात. सामायिक यंत्रावर दोघांनी एकच क्रमांक धरला की गोंधळ होतो. आणि काम संपल्यावर पडदा बंद करायचा, नाहीतर महिन्याभरात एका नोडवर डझनभर बेवारस डेस्कटॉप स्मृती खात बसलेले सापडतात.

त्रिमितीय चित्रांचं प्रकरण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण संशोधनातलं खरं पाहणं तिथेच असतं. प्रथिनाचा रेणू, वादळातला वाऱ्याचा प्रवाह, गाडीच्या टपावरून जाणारी हवा ही चित्रं ओपनजीएलच्या भाषेत सांगितली जातात आणि ती काढायला जीपीयू लागतो. एक्सच्या जुन्या रस्त्याने ओपनजीएलच्या सूचना लॅपटॉपपर्यंत नेण्याची सोय होती. पण लाखो त्रिकोणांचा आकार दर फिरवणीला तारेवरून नेणं म्हणजे घर बांधायला निघालेल्याने दर विटेसाठी भट्टीवर खेप घालणं. शिवाय ओपनजीएलच्या नव्या सोयींपैकी बऱ्याच त्या रस्त्याने जातच नाहीत, आणि एक्स सर्व्हरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो रस्ता मुळातच बंद ठेवलेला असतो. मॅकवरून मॉडेल उघडू पाहणाऱ्याला 'लिबजीएल एरर' दिसतो तो बहुधा याच कारणाने.

यावरचा उपाय तेलाच्या धंद्यातून आला. जमिनीखालच्या थरांची प्रचंड भूकंपमापन-चित्रं भूशास्त्रज्ञांना दुरून पाहता यावीत म्हणून लँडमार्क ग्राफिक्स या कंपनीत २००३ च्या सुमारास 'व्हर्च्युअलजीएल' सुरू झालं आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. डॅरेल कमांडर यांनी ते पुढची अनेक वर्षं जोपासलं. त्याचं काम असं चालतं. प्रोग्राम सुरू करताना आधी 'व्हीजीएलरन' लिहायचं. मग प्रोग्राम आणि ओपनजीएल यांच्यामध्ये एक ग्रंथालय येऊन बसतं. प्रोग्रामला वाटतं आपण विंडोत चित्र काढतोय, पण हा मधला गडी ते काम क्लस्टरवरच्या खऱ्या जीपीयूकडे वळवतो, आणि चित्र एका अदृश्य पटलावर निघतं. एक चित्र पूर्ण झालं असं प्रोग्रामने सांगितलं की तो ते पटलावरून वाचून घेतो आणि व्हीएनसीच्या पडद्यावर ठेवतो. मूळ प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही. त्याच्या जोडीला त्याच परंपरेतलं 'टर्बोव्हीएनसी' वापरायचं, जे चित्र झपाट्याने जेपीईजीत दाबतं.

दाबणं का लागतं ते एका हिशेबात कळतं. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० चित्रं पाठवायची तर जवळजवळ दीड गिगाबिटचा प्रवाह. घरगुती कनेक्शनला ते झेपणारं नाही. वीसपट दाबलं तर ७५ मेगाबिट, तेही गावी भारीच. व्हिडिओसाठीची एच.२६४ सारखी पद्धत वापरली तर आकडा आणखी खाली येतो. 'डीसीव्ही'सारखी व्यावसायिक साधनं हीच पद्धत जीपीयूच्या मदतीने वापरतात. इटलीतल्या नाइस या कंपनीने ते बनवलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी ॲमेझॉनने घेतली. स्वीडनचं 'थिनलिंक'ही अनेक संस्थांत दिसतं. पैसे असतील तर ती घ्यायला हरकत नाही, पण खुल्या साधनांनी काम अडतं असं मला कुठे दिसलेलं नाही.

इथवर तंत्र झालं. क्लस्टरचं खरं घोडं पेंड खातं ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. क्लस्टर म्हणजे एक यंत्र नव्हे. बाहेरून आपण पोचतो तो लॉगिन नोड, म्हणजे धर्मशाळेची ओसरी. तिथे शंभर जण एकाच वेळी बसलेले असतात. एकाने तिथेच मॅटलॅब उघडून मोठा मॅट्रिक्स उलटायला घेतला की बाकीच्यांना साधी फाइलही उघडत नाही. काम करायचं ते आतल्या कम्प्यूट नोडवर, आणि तिथली जागा स्लर्मसारखा रांगव्यवस्थापक देतो. म्हणजे विंडोलाही रांगेत उभं राहावं लागतं. तो कधी नोड देईल हे माहीत नाही, कोणता देईल हेही नाही, आणि दिलेल्या नोडपर्यंत बाहेरून थेट रस्ता नाही.

मग सुरू होते कसरत. रांगेत जॉब टाका, नोड मिळाल्यावर त्याचं नाव पाहा, तिथे व्हीएनसीचा पडदा सुरू झाला का ते पाहा, त्याचा दरवाजा क्रमांक लिहून घ्या, लॅपटॉपवरून लॉगिन नोडमार्गे त्या नोडपर्यंत नळी टाका, मग दर्शक उघडा. स्लर्मच्या १७.११ या आवृत्तीपासून 'एसरन'ला '--एक्स-इलेव्हन' देऊन आतल्या नोडवरची विंडो थेट बाहेर आणता येते, पण ती पुन्हा फेऱ्यांच्याच जुन्या दुखण्यात नेते. सरावलेल्याला ही कसरत दोन मिनिटांची आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ती दोन दिवसांची आहे. त्या दोन दिवसांत ती ठरवते की हे यंत्र आपल्यासाठी नाही. मी अशी मुलं पाहिली आहेत. ती निकालाची फाइल कापून, छोटी करून लॅपटॉपवर उतरवून घेतात आणि कापलेल्या भागावरच निष्कर्ष लिहितात. कोट्यवधींच्या यंत्राचा हा सर्वांत दुःखद वापर आहे, आणि यात मुलांची चूक नाही.

या कसरतीवरचं चांगलं उत्तर ब्राउझरमधून आलं. २०१० मध्ये जोएल मार्टिन यांनी 'नोव्हीएनसी' आणलं. त्याने व्हीएनसीचा दर्शक ब्राउझरच्या पानातच बसवला, लॅपटॉपवर काहीही टाकायची गरज उरली नाही. अमेरिकेतल्या ओहायो सुपरकम्प्युटर सेंटरने त्याच वाटेने पुढे जाऊन 'ओपन ऑनडिमांड' उभं केलं आणि २०१७ मध्ये ते सर्वांना दिलं. विद्यार्थिनी ब्राउझरमध्ये लॉगिन करते, एका अर्जात किती कोर, किती तास, जीपीयू हवा का एवढं भरते आणि बटण दाबते. रांगेत जॉब टाकणं, नोड शोधणं, पडदा उघडणं, एकदाच चालेल असा पासवर्ड तयार करणं, नळी जोडणं हे सगळं मागे घडतं. नोड मिळाला की डेस्कटॉप ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडतो. आत तेच टर्बोव्हीएनसी, तेच व्हर्च्युअलजीएल. नवा शोध काही नाही, पण उंबरा काढून टाकला आहे. माझ्या मते क्लस्टरच्या वापरात गेल्या दहा वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, नव्या प्रोसेसरांहूनही मोठी.

ज्युपिटर हे ब्राउझरमध्ये वहीसारखं चालणारं साधनही याच दारातून आत आलं. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथॉनमधून ते वाढलं आणि २०१४ मध्ये स्वतंत्र झालं. अनेकांना आता वेगळ्या विंडोची गरजच पडत नाही, कारण आलेख वहीतच उमटतो. फक्त एक सावधगिरी. लॉगिन नोडवर ज्युपिटर सुरू करून त्याचं टोकन काढून टाकणारे लोक आहेत. तो दरवाजा यंत्राच्या आतला असला तरी त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या वापरकर्त्याला उघडता येतो आणि त्यातून आपल्या सगळ्या फाइलींवर हात टाकता येतो.

आतापर्यंत चित्र एक तर पूर्ण इकडे काढलं, नाहीतर पूर्ण तिकडे. तिसरी वाट काम वाटून घेण्याची, आणि डेटा फार मोठा असेल तर मला तीच सर्वांत शहाणी वाटते. पॅराव्ह्यू हे त्याचं जुनं उदाहरण. क्लस्टरच्या अनेक नोडवर 'पीव्हीसर्व्हर' चालतो, डेटा तिथेच वाचला जातो, तिथेच कापला-चाळला जातो. लॅपटॉपवरची विंडो १११११ क्रमांकाच्या दरवाजातून त्याच्याशी बोलते. काढून उरलेला आकार लहान असेल तर तो लॅपटॉपकडे येतो आणि फिरवाफिरव इथेच होते, त्यामुळे दूरचं अंतर जाणवतही नाही. मोठा असेल तर चित्र तिकडे निघून तयार प्रतिमा येते. मेनू मात्र कायम आपल्याच यंत्रावर असतात, ते कधीच लटकत नाहीत.

याचं आपल्या जवळचं उदाहरण रेडिओ खगोलशास्त्रात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिथल्या निरीक्षणांवर काम करणारे अनेक जण 'कासा' हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या आलेख आणि प्रतिमा पाहण्याच्या विंडो जुन्या एक्सच्या घडणीतल्या. घरून त्या उघडायच्या म्हणजे एकेका क्लिकसाठी थांबणं. निरीक्षणातला खराब भाग नजरेने टिपून खुणा करायच्या, म्हणजे अशा क्लिक शेकड्यांनी आल्या. प्रतिमांच्या बाबतीत आता 'कार्टा' नावाचं नवं साधन आलं आहे. ते मूळ प्रतिमा-घन सर्व्हरवरच ठेवतं आणि आपण पाहत असलेल्या भागापुरते, तेवढ्याच बारकाव्याचे तुकडे ब्राउझरकडे पाठवतं. रंग भरण्याचं काम लॅपटॉपचा जीपीयू करतो. नकाशाच्या ॲपमध्ये आपण अख्खी पृथ्वी उतरवून न घेता आपला चौकच पाहतो, तसंच हे. शेकडो जीबीचा घन साध्या लॅपटॉपवर सरकवता येतो. प्रत्येक शास्त्राला असं घडवलेलं साधन मिळेलच असं नाही, पण जिथे मिळालं आहे तिथे ते आधी वापरून पाहावं.

वेलँडबद्दल थोडक्यात. एक्सची जागा घ्यायला क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. चित्र दूर पाठवणं त्यात मुद्दामच ठेवलेलं नाही, ते काम बाहेरच्या साधनांवर सोडलं आहे. २०१९ पासून 'वेपाइप' एसएसएचमधून वेलँडच्या विंडो नेतं. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून जुना एक्स सर्व्हर काढून टाकण्यात आला, जुन्या प्रोग्रामांसाठी फक्त एक्सवेलँड उरला. अनेक क्लस्टर याच घराण्यातलं लिनक्स वापरतात, त्यामुळे पुढच्या अद्ययावतीकरणात व्हीएनसीची आणि डेस्कटॉपची मांडणी कशी राहील हे व्यवस्थापकांनी आत्ताच तपासून पाहायला हवं. जुने शास्त्रीय प्रोग्राम एक्सवर बोलणं इतक्यात सोडणार नाहीत.

आणि विंडो लागतेच का, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. गणित चालवायला ती लागत नाही. मॅटलॅबला २०१९ च्या पहिल्या आवृत्तीपासून '-बॅच' हा पर्याय आहे. मॅटप्लॉटलिब पडद्याशिवाय थेट फाइलमध्ये आलेख काढतं, पॅराव्ह्यूचं 'पीव्हीबॅच' रात्रभरात हजार चित्रं काढून ठेवतं. एखादा हट्टी प्रोग्राम पडद्याशिवाय सुरूच होत नसेल तर 'एक्सव्हीएफबी' त्याला स्मृतीतला रिकामा पडदा देतं. विंडो उघडी ठेवून गणित संपायची वाट बघत बसणारा माणूस स्वतःचा वेळ तर घालवतोच, रांगेतल्या दुसऱ्याचा नोडही अडवून ठेवतो. विंडो पाहण्यासाठी असते, शोधण्यासाठी असते. डेटात काहीतरी विचित्र आहे असा संशय येतो आणि तो फिरवून, कापून, रंग बदलून बघावासा वाटतो, तेव्हा ती हवीच. ते पाहणं कोणत्याही स्क्रिप्टने होत नाही.

म्हणूनच ज्यांच्या हाती क्लस्टर आहे त्यांना माझी विनंती आहे. यंत्र घेताना पाहण्यासाठीचे चार नोड वेगळे राखा, त्यांत जीपीयू ठेवा, त्यांची रांग छोटी आणि वेळ मर्यादित ठेवा, म्हणजे मागितल्यावर दहा मिनिटांत पडदा मिळेल. ब्राउझरमधून येणारं दार उघडा. ते फुकट मिळतं, लागतो तो एका माणसाचा काही आठवड्यांचा वेळ. आणि दार उघडलं की ते आपल्या खोलीतून तपासू नका. गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या एखाद्या महाविद्यालयातून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, मोबाइलच्या नेटवर उघडून बघा. तिथे माउस हलवल्यावर रेणू फिरला, तर दार खरंच उघडलं आहे.